दहावीच्या निकालानंतरचा जून: गावातल्या मुलांची पुढची वाट कशी बांधायची

त्या वर्षी आमच्या गावातल्या एका मुलीला दहावीला ७८ टक्के पडले. पेढे वाटले, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नाव लागलं. ऑगस्टमध्ये मी रस्त्याने जात होतो, तर ती टोमॅटोच्या वावरात सुतळीने झाडं बांधत होती. कॉलेजचं विचारलं. म्हणाली, "दाखला नाही मिळाला सर. पप्पा दोनदा तालुक्याला जाऊन आले, मग यादी लागून गेली."

दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावात मी नऊ वर्षं संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. त्या मुलीपासून मी प्रत्येक मुलाची नोंद ठेवायला लागलो आणि त्या नोंदींतून एक गोष्ट पक्की झाली. आमची मुलं वर्गात बसून गळत नाहीत, दोन वर्गांच्या मधल्या फटीत गळतात. दहावीचा निकाल आणि अकरावीचा पहिला दिवस यांच्या मधला जून, बारावीनंतर प्रवेशफेऱ्या चालतात तो जुलै, वसतिगृहातला पहिला महिना. त्या फटीत अडकवणारी गोष्ट बहुतेकदा अगदी लहान असते: एखादा कागद, एखादी तारीख, बसची वेळ, दोन हजार रुपये. हुशारीचा प्रश्न तिथवर येतच नाही.

या फटी बुजवायचं काम गावात बसून करता येतं. शिक्षक असाल, सरपंच असाल, बचत गटातल्या ताई असाल, नाहीतर शिकून नाशिकला नोकरीला लागलेला आणि रविवारी गावी येणारा एखादा दादा असाल, तुमच्यासारखी दोन-तीन माणसं पुरतात. आम्ही ते कसं करतो, ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम: वही घाला

दोनशे पानी रजिस्टर घ्या. आठवीपासून बारावीपर्यंतचं गावातलं, वस्तीवरचं, मळ्यावरचं प्रत्येक मूल, शिवाय गेल्या तीन वर्षांत शाळा सुटलेली सगळी मुलं. प्रत्येकाला एक पान. शाळेची यादी उतरवून काम भागत नाही, कारण ज्याची शाळा सुटली त्याचं नाव त्या यादीत नसतं. संध्याकाळी धारा काढून झाल्या की घरोघर जा. आठवड्यात चार संध्याकाळी दिल्या तर हजार-बाराशे वस्तीचं गाव महिन्यात होतं.

पानावर काय लिहायचं? नाव आधार कार्डावर आहे तसं. इयत्ता. कोणते दाखले आहेत, कोणते नाहीत. शाळेला जायचं साधन. घरात कामाचा ताण कधी असतो. मुलाला कोणतं काम करताना वेळेचं भान राहत नाही. आणि एक रकाना मी फार महत्त्वाचा मानतो: घरात शब्द कोणाचा चालतो. दोन वर्षं मी एका मुलाच्या वडिलांना समजावत होतो, ते प्रत्येक वेळी मान डोलवायचे. नंतर कळलं की त्या घरात निर्णय चांदवडच्या मामांचा असतो. मामांना एक फोन केला आणि काम झालं.

टक्के लिहा, पण पानाच्या तळाशी. वर लिहिले की आपलीच नजर त्यावर अडकते.

बसायला जागा, आणि घरी परतायची सोय

दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, स्वयंपाक, पाहुणे आणि अभ्यास एकत्र होत नाही. समाजमंदिर, शाळेची खोली, सोसायटीचं जुनं गोदाम, काहीही चालेल. वीज, पाण्याचा माठ, मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह आणि भारनियमनाला तोंड देईल असा एक इन्व्हर्टर, एवढं असलं की झालं. खर्चासाठी ग्रामसभेत ठराव घ्या आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात तो लिहून घ्या. ठराव लेखी नसेल तर पुढचा सरपंच आला की कुलूप लागतं. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी राखून ठेवायचे असतात. मुलींच्या सोयींसाठी ते मागायला लाजू नका.

आमच्याकडे वेळ ठरवताना खरा प्रश्न बिबट्याचा आला. उसाच्या आणि मक्याच्या कडेने वस्तीवर जायचं, तेही अंधारात. आई-बाप मुलींना पाठवायला तयार होईनात आणि ते बरोबरच होतं. मग मुलींची वेळ साडेचार ते साडेसहा केली. हिवाळ्यात त्याहून लवकर सोडतो. मुलांची वेळ सात ते नऊ. मळ्यावरच्या मुलांनी एकत्रच निघायचं, हातात बॅटरी, आणि रोज एक पालक सोबत. पाळीचा कागद दाराला लावलेला आहे. अशी सोय केली नाही तर अभ्यासिका फक्त गावठाणातल्या मुलांची होते.

शाळेत असतानाच्या दोन परीक्षा

पाचवीतल्या मुलांना नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या निवड परीक्षेला बसवा. नाशिकचं जवाहर नवोदय विद्यालय आपल्याच दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात. निवड झाली नाही तरी पाचवीच्या पोराला गणिताचा सराव होतो.

आठवीत एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीला किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०), शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट खात्यात येतात. चार वर्षांचे ४८,००० होतात आणि मजुराच्या घरात एवढ्याने मुलीचं शिक्षण टिकतं. सरकारी निवासी शाळेतल्या मुलांना ही शिष्यवृत्ती लागू नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन जूनपासून आठवड्यातून दोन तास बसवा. बुद्धिमत्तेचे प्रश्न सरावाने सुटतात, हे मी दरवर्षी बघतो.

काम दाखवा, मग करिअरवर बोला

आमच्या गावातल्या मुलांना विचारा, पुढे काय व्हायचं? उत्तरं चार: पोलीस, मिलिटरी, शिक्षक, डॉक्टर. कारण त्यांनी कामाला जाणारी एवढीच माणसं पाहिलेली असतात. पलीकडे सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत आहे, सिन्नरचे कारखाने आहेत, ओझरला विमानं बांधतात, नाशिकरोडला नोटा छापतात, म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. पण तिथे आत नेमकं कोण काय करतं, हे मुलांना कोणी दाखवलेलं नसतं.

म्हणून महिन्यातून एक दिवस काम बघायला न्या. मोठी सहल नको, दहा-बारा मुलं पुरतात. ग्रामीण रुग्णालयाची प्रयोगशाळा, बाजार समितीचा लिलाव आणि त्यामागचं हिशेबाचं काम, ट्रॅक्टरचं वर्कशॉप, बँकेची शाखा, द्राक्षाचं पॅकहाऊस. आधी पत्र द्या, ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या लेटरहेडवर. बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते. मुलांनी तिथल्या माणसाला पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं वहीत लिहायची: दहावीनंतर तुम्ही काय शिकलात? सकाळपासून काय काय करता? लागलात तेव्हा पगार किती होता? या कामात त्रास कशाचा? पुन्हा सुरुवात केली तर काय वेगळं कराल?

एकदा एका पॅकहाऊसला गेलो. सगळी मुलं पेट्या भरणाऱ्या ताईंभोवती. एक नववीतला मुलगा मात्र प्रीकूलिंगच्या खोलीच्या मागे जाऊन उभा राहिला. कॉम्प्रेसर सुरू होता, पाइपवर बर्फ धरला होता. तिथल्या मिस्त्रीला तो विचारत होता, "एवढं गरम मशीन बाहेर आणि आत थंड कसं?" मिस्त्रीने त्याला वीस मिनिटं दिली. त्याच रात्री मी त्याच्या पानावर लिहिलं: थंड करणारी यंत्रं. त्याला दहावीला ५६ टक्के पडले. नातेवाईक म्हणाले, आर्ट्सला टाका. त्याने आयटीआयला रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड घेतला, नंतर अप्रेंटिसशिप केली, आणि आज हंगामात त्याला आमच्या भागातली तीन-चार कोल्ड स्टोरेज फोन करतात. ती वीस मिनिटं मिळाली नसती तर ५६ टक्के या आकड्यानेच त्याचं ठरवून टाकलं असतं.

दहावीनंतरच्या वाटा, पालकांसमोर फळ्यावर

जानेवारीत एका रविवारी नववी-दहावीच्या पालकांना बोलवा. आया आल्याच पाहिजेत, म्हणून वेळ त्यांना विचारून ठरवा. फळ्यावर वाटा काढा आणि प्रत्येकीपुढे तीनच गोष्टी लिहा: किती वर्षं, साधारण किती खर्च, शेवटी कोणतं काम.

अकरावी. २०२५-२६ पासून हा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे, म्हणजे तालुक्याचं कॉलेजही फॉर्म भरल्याशिवाय घेत नाही. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि तिथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून पहिल्या क्रमांकाला तेच कॉलेज टाका जिथे मूल खरोखर रोज जाऊ शकेल. नावाजलेलं कॉलेज नाशिकचं, बस गावातून सकाळी सातला सुटून गेलेली, असं झालं की दिवाळीपर्यंत मूल घरी.

सायन्सबद्दल स्पष्ट बोलायला हवं. "चांगले टक्के म्हणजे सायन्स" या समजुतीने आमची कितीतरी मुलं अकरावीत इंग्रजी माध्यमाच्या भिंतीवर आपटली. पुढची वाट डोळ्यासमोर असेल तरच सायन्स घ्या. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी यांसाठी बारावीनंतर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि गणित घ्यायचं की जीवशास्त्र की दोन्ही, हे अकरावीतच ठरतं. कृषीला जायचंय आणि वाटलं की शेतकऱ्याच्या पोराला सीईटी लागत नसेल, अशी चूक झालेली दोन मुलं माझ्या वहीत आहेत.

पॉलिटेक्निक. ही वाट गावात सगळ्यात कमी माहीत आहे आणि मला ती फार चांगली वाटते. दहावीच्या गुणांवर प्रवेश, सीईटी नाही, तीन वर्षांचा डिप्लोमा. पुढे शिकायचं असेल तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मुलगा अठरा-एकोणीसचा होईतो त्याच्या हातात काहीतरी असतं.

आयटीआय. एक किंवा दोन वर्षं. काही ट्रेडना दहावी नापासही चालतो. दोन वर्षांचा आयटीआय पास झाल्यावर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, म्हणजे वाट बंद होत नाही. पालकांना हे नातं फळ्यावर बाण काढून दाखवा. आयटीआय, मग डिप्लोमा, मग डिग्री. तो बाण पाहून एका बापाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला आहे.

नर्सिंग. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, बारावी लागते, कोणत्याही शाखेची चालते, पण इंग्रजी विषय हवा. बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्रासह सायन्स आणि वेगळी सीईटी.

पोलीस भरती. आमच्या गावात पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं याच वाटेची. त्यांना सांगा, बारावी पास व्हावंच लागतं. मैदानी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. धावण्यात सगळा जीव ओततात आणि लेखीला मागे पडतात, म्हणून अभ्यासिकेत त्यांची पुस्तकं वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि रोज एक तास बसवा. भरतीच्या जोडीला पदवी चालू ठेवायला लावा. नाशिकलाच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ सालचं. काम करता करता तिथून पदवी घेता येते.

नापास झालेल्या मुलांना विसरू नका. दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीने, अकरावीत बसता येतं, शिवाय पुरवणी परीक्षा लगेच होते. शाळा केव्हाच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. निकालाच्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा नापास मुलाच्या घरी जा. पेढेवाल्या घरी उद्या गेलं तरी चालतं.

कागद: नववीची उन्हाळी सुट्टी हीच खरी वेळ

इथे मी जरा थांबून सांगतो, कारण आमची सगळ्यात जास्त मुलं इथेच पडली.

जूनमध्ये दाखल्यांच्या सेतू केंद्रासमोर रांग असते, सर्व्हर बंद पडतो, तलाठी भाऊसाहेब दुसऱ्या गावात असतात. हेच काम नववी संपल्यावर केलं तर कोणीही घाई करत नाही. प्रत्येक मुलाची प्लॅस्टिकची फाइल करा. तिच्यात असावं: आधार, जन्मदाखला, शाळेचा बोनाफाइड, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस, सातबारा आणि ८अ, बँक पासबुकाची झेरॉक्स, आठ फोटो. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर यांची मुदत संपते, त्यांची तारीख फाइलच्या वरच लिहा.

नावातली चूक आधी शोधा. शाळेत "सोनवणे", आधारवर "सोनावणे", बँकेत तिसरंच. वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात सगळं अडतं. शाळेच्या रजिस्टरमधलं नाव किंवा जन्मतारीख चुकली असेल तर दुरुस्ती शाळा सोडण्याआधी करून घ्या, नंतर फार अवघड होतं. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना आईचं नाव, स्पेलिंग, जात, सगळं पालकांना समोर बसवून वाचून दाखवा.

जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांआधीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. तो मिळतो कुठे? आजोबा किंवा पणजोबा ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले त्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांचे भाऊ, चुलते, आत्या यांचं नाव शोधा. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांचं नाव त्यांच्या आजोळच्या शाळेत सापडलं. मुख्याध्यापकांनी कपाटातून रजिस्टर काढलं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नावाची ओळ शाबूत होती. तो मुलगा ती ओळ बोटाने पुन्हा पुन्हा वाचत होता.

दाखला झाला की जात पडताळणी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचं असेल तर वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्याला महिने लागतात. अकरावी सायन्समध्येच कॉलेजच्या शिक्क्याने अर्ज करा. समितीचं कार्यालय नाशिकला आहे, मुंबई-पुण्याला जावं लागत नाही.

आणि कुठलाही अर्ज केला की पावती घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने प्रत्येक दाखल्याला मुदत आहे. मुदत उलटली तर अपील करता येतं. "सोमवारी या" असं तोंडी उत्तर मिळालं तर नम्रपणे सांगायचं, "साहेब, पावतीवर तारीख आहे." हे वाक्य मी पालकांकडून म्हणवून घेतो, सरावासाठी. त्या ७८ टक्केवाल्या मुलीच्या वडिलांकडे पावतीच नव्हती.

पैसा: योजना आहेत, पण पहिला महिना मोकळा असतो

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट एक, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की हा लाभ गेला. एजंट नेमका इथेच फसवतो. अनुसूचित जाती-जमातींना भारत सरकार शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं हवं.

राहण्यासाठी: आदिवासी विकास विभागाची आणि समाजकल्याणची वसतिगृहं. तिथे जागा मिळाली नाही तर आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. आदिवासी विकासचं आयुक्तालयच नाशिकला आहे, प्रकल्प कार्यालयं नाशिक आणि कळवणला. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरा. शैक्षणिक कर्ज लागलं तर चार लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, हे शाखेत जाताना लक्षात असू द्या.

पण शिष्यवृत्ती जमा होते ती दिवाळीनंतर, कधी त्याहून उशिरा. जुलैत मात्र गादी, बादली, पुस्तकं, खानावळीचं ॲडव्हान्स लागतं. आम्ही यासाठी गावात पहिल्या महिन्याचा निधी केला. ज्यांची मुलं नोकरीला लागली ती घरं, दूध डेअरी, दोन बचत गट, सगळ्यांनी थोडं थोडं घातलं. एका मुलाला पाच हजारांपर्यंत, बिनव्याजी, शिष्यवृत्ती आली की परत. हिशेब दर महिन्याला भिंतीवर. आजवर बुडालेलं नाही.

द्राक्षाचा हंगाम आणि बोर्डाची परीक्षा

बारावी-दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि आपल्याकडे नेमका तेव्हाच द्राक्षाचा खुडा, मागोमाग उन्हाळ कांद्याची काढणी. घरात प्रत्येक हात मोलाचा. "अभ्यास कर" एवढं सांगून भागत नाही, त्या मुलाच्या जागी वावरात कोण जाणार हे ठरवावं लागतं.

आम्ही सावड जुनीच वापरली. डिसेंबरात थिनिंग (द्राक्षाचे मणी विरळणं) संपता संपता दहावी-बारावीच्या घरांची यादी काढतो. परीक्षा नसलेल्या घरातला एक माणूस परीक्षेच्या घरी ठरावीक दिवस जातो आणि एप्रिलमध्ये ते दिवस फेडले जातात. वहीत दिवस लिहून ठेवतो, त्यामुळे वाद होत नाही.

पेठ-सुरगाण्याहून जी कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या बागांत कामाला येतात, त्यांची मुलंही आपलीच समजा. लहान मुलांसाठी मूळ शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यायला सांगा, म्हणजे इथल्या शाळेत बसता येतं. दहावीच्या मुलाचं केंद्र मात्र गावाकडे असतं. त्याला आजी-आजोबांपाशी मागे ठेवायची तजवीज मुकादम उचल वाटतो तेव्हाच करावी लागते, म्हणून मुकादमाशीही बोला.

मुलींचं वेगळं सांगायला हवं

मुलींचं शिक्षण अडतं ते बस, वसतिगृह आणि लग्न या तीन ठिकाणी. बारावीपर्यंत एसटीचा प्रवास मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. पास आहे पण बसची वेळ जुळत नसेल, तर कॉलेजच्या वेळा आणि मुलींची यादी जोडून ग्रामपंचायतीचा ठराव आगारप्रमुखांना द्या, शेजारच्या दोन गावांच्या सह्यांसह. एका गावाच्या अर्जापेक्षा तीन गावांचा अर्ज चालतो.

वसतिगृहाला नकार सहसा आजीचा असतो. "एवढी पोर परमुलखात ठेवायची काय?" एका आजींना मी घेऊन गेलो. त्यांनी रेक्टरबाईंशी तासभर गप्पा मारल्या, न्हाणीघराची कडी स्वतः लावून पाहिली, खिडकीबाहेर कोणतं घर आहे ते विचारलं. परतताना गाडीत म्हणाल्या, "बाई चांगली आहे." मुलगी जुलैत गेली. तेव्हापासून प्रवेशाआधी घरातल्या एका बाईला वसतिगृह दाखवायचंच, हा आमचा नियम आहे.

लग्नाची बोलणी कानावर आली तर आधी घरी जाऊन बसा. मुलगी अठराच्या आतली असेल आणि ऐकत नसतील, तर ग्रामसेवक हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर चोवीस तास चालू असतो. हा नंबर मुलींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

बोलणं, इंग्रजी, टायपिंग

शनिवारी दीड तास यासाठी. इंग्रजीची भीती घालवायला आम्ही फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं लेबल घेतो, रिकामा आणि धुतलेला डबा. डोस, तारीख, विषाच्या तीव्रतेचा लाल-पिवळा-निळा-हिरवा त्रिकोण, फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस ठेवायचे तो पीएचआय. द्राक्षवाल्या घरातलं पोर हे सगळं आधीच जाणतं, फक्त इंग्रजीत वाचलेलं नसतं. अर्थ माहीत असलेलं इंग्रजी पटकन जिभेवर बसतं.

बोलण्यासाठी: दर शनिवारी दोघांनी उभं राहून दोन मिनिटं आपल्या घरचं एक काम समजावून सांगायचं. ठिबक कसं दुरुस्त करतात, कांद्याची चाळ कशी भरतात. मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की आमची मुलं गप्प व्हायची, ते यामुळे कमी झालं. बारावीच्या मुलांकडून अर्ज लिहून घ्या, ईमेल पाठवून घ्या, बँकेत जाऊन स्लिप भरून घ्या. मराठी ३० आणि इंग्रजी ४० च्या टायपिंग परीक्षा सरकारी कारकुनी जागांना लागतात, त्या सुट्टीत उरकाव्यात.

गेल्यानंतरचे तीन महिने

मूल वसतिगृहात पोचलं की आपलं काम संपलं, असं मला पहिली दोन वर्षं वाटायचं. त्या दोन वर्षांत तीन मुलं गणपतीला घरी आली ती परत गेलीच नाहीत. एकाला खानावळीचं जेवण सोसलं नव्हतं, एकाला वर्गात काहीच कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती, तिसऱ्याने कधी सांगितलंच नाही.

आता फोनचे दिवस ठरलेले आहेत: तिसरा, दहावा, एकविसावा, आणि मग दर पंधरवड्याला. "अभ्यास कसा चाललाय" विचारू नका, "बरा" एवढंच उत्तर येतं. आज काय जेवलास, शेजारी कोण बसतं, कोणत्या सरांचं कळत नाही, हे विचारा. शक्य असेल तर त्याच कॉलेजातलं आपल्या भागातलं वरच्या वर्षाचं मूल शोधून त्याच्याशी गाठ घालून द्या. गणपतीला जी मुलं गावी येतात त्यांच्या परतीच्या दिवशी स्टँडवर कोणीतरी जातं. बहुधा मीच.

ती ७८ टक्केवाली मुलगी वर्षभराने अकरावीला गेली. या वेळी तिच्या वडिलांकडे पावती होती. सध्या ती जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा आमच्या गावातून नर्सिंगला गेलेल्या दोघींचे तिसऱ्या दिवसाचे फोन तिनेच केले आणि रात्री मला कळवलं, एकीला वरचा पलंग मिळालाय, तिला उंचीची भीती वाटते, रेक्टरबाईंशी बोलून बदलून घ्या. मी ते तिच्या पानावर लिहून ठेवलं आणि सकाळी फोन लावला.